बिनपरमिटवाल्यांची यादी

३ जानेवारी १९४९, सोमवार. सकाळी ७.

नवी डायरी. यंदा फक्त फॅक्ट्स लिहायच्या. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मदर बर्नाडेट म्हणत, भावना प्रार्थनेसाठी असतात, कागदावर फॅक्ट्स. छप्पन्नावं लागलं, आता तरी ऐकावं.

संकल्प तीन. रोज पाचला उठणं. (आज थंडी फार. उद्यापासून.) पार्बताबाईशी स्वयंपाकावरून वाद न घालणं. आणि पक्षाच्या पुढाऱ्यांना जागं करणं.

तिसऱ्याची फॅक्ट अशी. गेल्या जुलैत सरकारनं कायदा केला की पाकिस्तानात गेलेल्या माणसानं परमिटाशिवाय परत यायचं नाही. कायदा उत्तम आहे. पण आमच्या अमरावतीतच डझनभर माणसं बिनपरमिट येऊन बसली आहेत आणि पुढारी हार घालून घेत फिरताहेत. सभेत दाराला कडी लावतात, घरी जाऊन मागचं दार उघडतात. मी जिल्हा कमिटीची सभासद आहे, म्हणजे स्टेजवर तिसऱ्या रांगेत बसते. तिथून सगळ्यांची टकलं दिसतात आणि एकाचंही तोंड दिसत नाही.

महिन्याभरात यादी करून द्यायची. नाव, पत्ता, कधी आला. बघू कसे हलत नाहीत.

माझ्या मागच्या खोलीत कुलसुमबी आहे, तिचा यात संबंध नाही. ती परमिट घेऊन आली आहे, दोन महिन्यांचं, १२ फेब्रुवारीपर्यंत. ते कायमचं करून घ्यायचं तेवढं राहिलं आहे. केशवराव वकिलांची शिफारस लागते. ते जिल्हा कमिटीचे अध्यक्ष, आणि आमच्या ह्यांच्या हाताखाली अर्ज लिहायला शिकले. एक शब्द टाकला की झालं.

५ जानेवारी, बुधवार. दुपारी.

केशवरावांकडे गेले. रविवारच्या सभेत गर्जले होते की या जिल्ह्यात एकही माणूस बिनपरमिट राहणार नाही. आज पाय सोडून पपई खात होते. म्हणाले, वहिनी, प्रश्न फार डेलिकेट आहे. एकूण चार वेळा डेलिकेट म्हणाले. पाचव्यांदा म्हणणार तेवढ्यात बी घशात गेली.

मी स्पष्ट सांगितलं की कायदा सर्वांना सारखा पाहिजे. ते म्हणाले, अगदी बरोबर. मी म्हटलं, अपवाद नको. म्हणाले, मुळीच नको.

कुलसुमबीचं काढलं नाही. तत्त्वाचं काम आणि घरचं काम एकाच दिवशी करू नये. पुढच्या आठवड्यात.

पाचला उठले नाही.

९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.

कुलसुमबीबद्दल फॅक्ट्स. वय पासष्ट-सदुसष्ट. धंदा बांगड्या भरण्याचा. तिच्या आईनं माझ्या आईला चुडा भरला, हिनं मला. पहिल्या काचेच्या बांगड्या, लग्नाचा चुडा, ओटभरणाच्या हिरव्या, सगळं हिच्या हातून. तेव्हा अंबागेटच्या आतल्या एकाही घरची बाई हिच्याशिवाय नटली नाही. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर मुलगा युसूफ हट्टानं कराचीला घेऊन गेला, घर विकून. मागल्या महिन्यात एकटीच परत आली, डोक्यावर टोपली, हातात परमिट. दारातूनच हाक मारली, भामे, आहेस का मेलीस?

माझं नाव सत्यभामा. मला भामे म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं आहे. (ही भावना झाली. खोडायची.)

कराचीत काय बिघडलं विचारलं तर म्हणाली, काई नाई बाप्पा. तिथं बायका आपल्या हातानंच बांगड्या घालतेत. मंग मी काय करू, समुद्र पाहत बसू?

बांगड्या भरणं हे हातापेक्षा तोंडाचं काम आहे. बाईनं हात ताठ धरला की काच तडकते. म्हणून कुलसुमबी हात हातात घेते आणि गोष्ट काढते. कोणाची सून पळाली, कोणाची म्हैस अंजनगावच्या बाजारात विकली आणि आपणच घरी परत आली. ऐकता ऐकता बाई हात विसरते, हात ढिला पडतो, आणि बांगडी आत. गोष्ट संपेस्तोवर डझन भरून होतो.

संध्याकाळी ती दिवसभराच्या गोष्टी मला परत सांगते. आज सांगितलं की कराचीहून एक फिटर आला आहे, परमिट-बिरमिट काही नाही, कुठल्याशा कापसाच्या जिनात इंजिन चालवतो. आणखी दोघं.

रात्रीच्या जेवणाआधी तिन्ही नावं वहीत उतरवली. यादीला सुरुवात झाली! पार्बताबाई भाकरी थापता थापता म्हणाली, बाई, ते बोलून राहिली अन् तुमी लिवून राहिल्या. दफ्तर हाय का घर हाय? ह्या बाईला पब्लिक ड्यूटी म्हणजे काय हे कळणं शक्य नाही. वाद घातला नाही. तिनं भाकरी मुद्दाम करपवली.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

गल्लीत सगळीकडे हळदीकुंकू. मला बोलावणं नाही, बारा वर्षं झाली, सवय आहे. कमिटीतल्या बायकासुद्धा सभेत भगिनी म्हणतात आणि संक्रांतीला दारावरून पुढे जातात. काही वाटत नाही.

कुलसुमबी सकाळपासून अकरा घरं हिंडली. परत आली ती पदराला तिळगूळ आणि पोटात पाच नावं घेऊन. एकीचा भाऊ बिनपरमिट आला, एकीच्या शेजारचा शिंपी. यादी आठवर गेली.

मग तिनं टोपलीच्या तळातून एक गाठोडं काढून दाखवलं. माझ्या हिरव्या बांगड्या. आमचे हे गेले त्या दिवशी बायका माझे हात जमिनीवर आपटायला जमल्या होत्या. कुलसुमबी घुसली. म्हणाली, म्या भरल्या, मीच उतरवीन, दूर व्हा. हाताला तेल लावलं आणि कोणत्यातरी अडाणी सावकाराची लांबलचक गोष्ट सांगत बसली. घरात प्रेत, आणि ही गोष्ट सांगते आहे. बायका बोटं मोडत होत्या. चोवीसच्या चोवीस बांगड्या अख्ख्या निघाल्या, एक फुटली नाही. ती म्हणाली, ठेवते मी, तुही अमानत.

त्या कराचीला जाऊन आल्या. एकीलाही तडा नाही. कुलसुमबी म्हणाली, यायले परमिट नाई लागलं पाह्य.

आम्ही दोघी खूप हसलो. तिळगूळ कडक होता.

१७ जानेवारी, सोमवार. दुपारी ३.

यादी अकरावर. आज नीट तपासली, कारण कायदा म्हणजे डोळे मिटून झोडपणं नव्हे.

चौथं नाव नसीमबानो सुईण. हिच्या हातून या गल्लीतली निम्मी पोरं जगात आली. ती विशेष केस आहे. खोडलं. सहावा शिंपी. माझ्या कॉन्व्हेंटच्या निळ्या फ्रॉकला झालर लावणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू. निदान आजोबाकडे बघून, खोडलं. सातव्याची आई आजारी आहे. नववा तर परमिट काढणारच होता, पण बिचाऱ्याची बोट सुटत होती.

उरले सात. चौघांना मी ओळखते, म्हणून सूट. बाकीच्यांना ओळखत नाही, त्यांच्याबाबतीत कायदा कडक पाहिजे. पुढाऱ्यांना हा साधा विवेक नाही, हेच तर दुःख आहे. ते आपापल्या ओळखीची माणसं सोडून देतात.

२३ जानेवारी, रविवार. रात्री, अकोल्याहून परत.

वऱ्हाडच्या जिल्ह्यांची परिषद अकोल्यास. मी ठराव मांडणार होते. पहाटेची गाडी, बडनेऱ्याला बदलली, थर्डात उभ्यानं. केशवराव सेकंडमध्ये होते. मूर्तिजापूरला त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला. कप परत मागून घेतला.

मांडव भव्य. गोवर्धनशेठ जिनवाल्यांनी बांधून दिला, लॉरीही त्यांच्याच. नागपूरचे मंत्रिसाहेब दीड तास बोलले. मला पाच मिनिटं दिली होती. ती दोन झाली. उभी राहिले तर लाऊडस्पीकर बंद पडला. एक माणूस धावत आला, तारा चाचपल्या, बॅटरीवर एक चापट मारली, आणि माझा आवाज कापूस बाजारापर्यंत ऐकू गेला. तो खालून विचारत होता, बाईसाब, आवाज बराबर हाय नं? मी मान हलवली आणि बिनपरमिटवाल्यांना एक दिवसही ठेवू नये असं बोलले. टाळ्या पडल्या. तोही वाजवत होता.

जेवणाच्या पंगतीत कळलं, तो लाऊडस्पीकरवाला शफीक, गोवर्धनशेठच्याच जिनातला. कुलसुमबीचा फिटर! यादीतला नंबर एक! गोवर्धनशेठला तिथंच धरलं. शेठ वांग्याची भाजी वाढून घेत म्हणाले, बाई, कापसाचा सीझन हाय. त्याच्याशिवाय माहं इंजन कोनाचं ऐकत नाई. मागल्या सालात तिघं ठेवले, तिघायनं बेल्ट तोडले. परमिटचं काय, केशवरावजीनं सांगतलं पाहून घेऊ म्हणून.

केशवराव शेजारीच बसले होते. त्यांनी मठ्ठा मागितला.

ठराव पोटसमितीकडे गेला. पोटसमिती कोणती ते कोणाला माहीत नाही.

२८ जानेवारी, शुक्रवार.

मंत्रिसाहेबांना इंग्रजीत पत्र. चार मसुदे. पहिल्यात त्यांना ढोंगी म्हटलं. चौथ्यात त्यांच्या भाषणाची स्तुती केली आणि शेवटी एका ओळीत यादीचा उल्लेख. अक्षर मात्र असं की मदर बर्नाडेटनं खिडकीत लावलं असतं. टाकलं.

कुलसुमबीनं सहज विचारलं, भामे, माया कागदाचं काय झालं? मी सांगितलं, होतंच आलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे. तिच्या अर्जावर अंगठा घेऊन ठेवला. उद्या नेते.

४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.

आज नेला. (मध्ये सर्दी होती.)

केशवराव उभे राहिले! असं कधी होत नाही. नागपूरहून विचारणा आली आहे, माझ्या पत्रावरून. म्हणाले, वहिनी, हे काय करून बसलात? आता रिपोर्ट द्यावा लागतो मले. वकिली भाषा सुटून त्यांची वऱ्हाडी बाहेर आली, म्हणजे घाबरले. बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी हलवलं.

यादी मागितली. चष्मा लावून पाहिली. मग म्हणाले, हे तर सगळं ऐकीव. साक्षीदार कोण? उद्या कचेरीत विचारलं, हे कोणी सांगितलं, तर तुम्ही काय म्हणाल, वाऱ्यानं? आणि जरा हसले. ते हसणं मी कधी विसरणार नाही.

कुलसुमबीचा अर्ज दिला. १२ तारखेला मुदत संपते हे सांगितलं. म्हणाले, ठेवा. शंखाच्या पेपरवेटखाली ठेवला. ते काम झालं.

७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

यादी शाईनं पुन्हा लिहिली. सात नावं, पत्ते, तारखा. शफीक पहिला, पत्ता गोवर्धनशेठचा जिन. ऐकीव म्हणतात काय! शाळेत नियम होता, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते कोणाच्या तोंडून ऐकलं हे लिहिल्याशिवाय सांगायचं नाही. त्या नियमावर मी कधी छडी खाल्ली नाही. म्हणून खाली लिहिलं: वरील माहिती कुलसुमबी, धंदा बांगड्या भरणं, हल्ली मुक्काम माझे घरी, हिच्याकडून मिळाली. ती सर्व घरी जाते-येते. तिच्या खरेपणाबद्दल मी स्वतः जामीन आहे.

मोठ्यानं वाचून पाहिलं, ठसका चांगला आहे. पार्बताबाई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, बाई, तिचं नाव काहून टाकता त्याच्यात? दुसऱ्याचं घर दाखवाले जाता अन् आपल्याच दारात दिवा ठेवता. मी सांगितलं, खऱ्या माणसाला कायद्याची भीती नसते. ती म्हणाली, खऱ्यालेच असते बाप्पा, खोटा कायले भेते?

अडाणी. यादी स्वतः डिप्टी कमिशनरांच्या कचेरीत देऊन आले, नक्कल केशवरावांना. पोच घेतली. परत येताना अंबागेटपाशी टांगा थांबवून कुलसुमबीसाठी तंबाखू घेतली.

१३ फेब्रुवारी, रविवार.

काल मुदत संपली. काही झालं नाही. आकाश जागच्या जागी.

कुलसुमबी सकाळी परमिटाचा कागद उलटा धरून बघत होती. म्हणाली, आता मी बी तुह्या त्या दुसऱ्या लोकायसारखी झाली का? मी म्हटलं, वेडी आहेस, तुझा अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर आहे. अर्ज टेबलावर असणं म्हणजे अर्ध परमिटच. ती म्हणाली, अर्ध्या परमिटावर अर्धी कुलसुम ठेव मंग. वरली ठेव, बोलाले कामी येते.

उद्या केशवरावांकडे जाते. (उद्या नाही, ते नागपूरला. परवा.)

१९ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.

अखेर सरकार हललं! सब-इन्स्पेक्टर घरी आले. तरुण, नम्र. जोडे बाहेर काढले. यादीबद्दल जबाब घ्यायचा म्हणाले. चहा, चिवडा दिला.

शफीकबद्दल विचारलं, तुम्ही त्याचं परमिट नसल्याचं पाहिलं का? मी म्हटलं, नसलेली वस्तू कशी पाहायची? त्यांनी लिहिलं, पाहिलं नाही. सातही नावांना तेच. मग म्हणाले, साक्षीदार बाई इथंच राहते? होय. कधीपासून? १३ डिसेंबरपासून. कुठून आली? कराचीहून. परमिट? होतं. मुदत? फॅक्ट ती फॅक्ट. १२ फेब्रुवारी. ती खरं बोलणारी आहे याला तुम्ही जामीन? अर्थात. इथं सही करा.

सुंदर सही केली, पूर्ण नाव, मधल्या अक्षराला वळण.

जाताना त्यांनी मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं. कुलसुमबी दारात बसून फुटक्या काचा वेगळ्या करत होती. तिनं विचारलं, साहेब, घरवालीचा हात केवढा हाय? सव्वादोन का अडीच? ते लाजले.

आता शफीकची खैर नाही.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार.

हुकूम आला. एकच.

कुलसुमबी, मुदतीबाहेर राहिल्याबद्दल, सात दिवसांत देश सोडावा. पुरावा: घरमालकिणीचा लेखी जबाब.

टांगा करून केशवरावांकडे. ते म्हणाले, या वहिनी, अभिनंदन! जिल्ह्यातली पहिली केस. नागपूरला तारेनं कळवलं. तुमचं नाव घालूनच कळवलं. मी विचारलं, शफीक? दिल्या पत्त्यावर मिळाला नाही. मी म्हटलं, आत्ता जिनाच्या रस्त्यानं आले, त्याच्या इंजिनाचा धूर माझ्या डोळ्यांत गेला. ते म्हणाले, धुरावर नाव नसतं, वहिनी. बाकीचे सहा? ऐकीव. म्हटलं, तिच्या शब्दावर ती सहा ऐकीव आणि ती एकटी खरी? म्हणाले, तिची केस तुमच्या शब्दावर आहे. तुमचा शब्द कोण खोटा म्हणेल?

तिचा अर्ज शंखाखालीच होता. शंखावरही धूळ, अर्जावरही. मी म्हटलं, ही शिफारस करा, आज, आत्ता. त्यांनी दोन्ही हात पसरले. म्हणाले, आता कशी करू? कायदा सर्वांना सारखा पाहिजे, अपवाद नको, हे तुमच्याच तोंडचं आहे. अकोल्याला टाळ्या पडल्या त्याला.

मग हळूच म्हणाले, हे आधी कानात सांगायचं असतं, वहिनी. जानेवारीत पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर उभ्या उभ्या करून दिलं असतं. यादी कशाला काढली?

चोर आहेत सगळे. कायद्याला कान आहे त्यांच्या, तोंड नाही. गोवर्धनशेठच्या इंजिनाला माणूस लागतो म्हणून एक राहतो, आणि माझ्या... मला काही लागत नाही म्हणून एक जाते. राजीनामा देणार. मसुदा उद्या.

२७ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

दोन दिवस तिला सांगायचं टाळलं. आज पार्बताबाईच पदर खोचून उभी राहिली, तुमी सांगता का मी सांगू?

सांगितलं. यादीसकट सांगितलं, कारण ती विचारत होती की पोलिसाले ठाव कसं झालं.

कुलसुमबीनं टोपलीवरचं फडकं उचललं, परत झाकलं. मग म्हणाली, भामे, ते मी तुले सांगत व्हती ते गोष्टी व्हत्या. हात ढिला पडाव म्हनून सांगतेत ते. त्याच्यात अर्ध्या मीच जोडलेल्या रायतेत. तो बोटवाला तर मेला दोन साल झाले.

मी विचारलं, मग मला कशाला सांगत होतीस, माझ्या हातात बांगड्या कुठे आहेत?

म्हणाली, तुहा हात लय ताठ झाला म्हनून.

१ मार्च, मंगळवार.

नागपूरला तार. डिप्टी कमिशनर दौऱ्यावर. कचेरीतल्या हेडक्लार्कनं सांगितलं, फेरविचारासाठी नवा पुरावा पाहिजे. मी म्हटलं, माझा जबाब चुकीचा होता असं लिहून देते. तो म्हणाला, मग बाई, खोटा जबाब दिला म्हणून केस होईल. मी तयार होते. खरोखर तयार होते. सकाळी जाऊन लिहून देणार.

२ मार्च, बुधवार.

रक्तदाब. डॉक्टरांनी उठू नका म्हटलं. पडल्या पडल्या राजीनाम्याचा मसुदा केला. अक्षर खराब आलं.

४ मार्च, शुक्रवार.

स्टेशन. बरोबर एक शिपाई, तो मुंबईला बोटीपर्यंत पोचवणार. त्याचंही पहिल्यांदाच मुंबईला जाणं, खूश होता.

नसीमबानो सुईण आली होती, शिंपी आला होता. म्हणजे मी खोडलेल्यांतले दोघे. आणि शफीक, हातात डबा. तो म्हणाला, चाची, बडनेऱ्याच्या पुढं खाजो, तोवर गरम राहील. केशवराव आले नाहीत. मला वाटलं होतं येतील.

मी तिला शाल दिली, पत्ता लिहिलेली पाकिटं दिली. म्हटलं, मी लढणार आहे, सहा महिन्यांत तुला परत आणते. ती म्हणाली, हाव. गाडी हलताना मी डब्याबरोबर थोडी चालले. वाटलं, आता ती दाणकन हाक मारेल.

म्हणाली, येते बाईसाहेब. पाय दुखतेत तुमचे, घरी जा.

तुमचे.

९ मार्च, बुधवार. दुपारी २.

पक्षाचं पत्र. मला परमिट दक्षता उपसमितीची सभासद नेमलं आहे. सोबत कोरा तक्ता, महिनाअखेर भरून पाठवावा. शेवटचा रकाना: माहिती देणाराचं नाव. राजीनामा तयारच होता. स्वीकृतीचं पत्र लिहून टाकलं. आत राहूनच सुधारणा करता येते.

तक्ता घेऊन बसले. या घरात आता कोणी येत नाही, कोणी काही सांगत नाही. गल्लीतल्या बायका मला पाहून दार लोटतात.

मागची खोली झाडायला घेतली. फळीवर गाठोडं. चोवीस. सोबत काही निरोप नाही, तिला लिहिता येत नाही.

मी काय केलं ते फॅक्ट म्हणून लिहिते. दार लावून एक घालून पाहिली. तेल लावलं, साबण लावला. बोटांच्या मुळाशी अडकली. वर जाईना, खाली येईना. मी मोठ्यानं बोलूनही पाहिलं. मला एकही गोष्ट येत नाही.

तासाभरानं पार्बताबाईला हाक मारली. ती वरवंटा घेऊन आली.

फोडावी लागली.